दुसऱ्या हाताची तपासणी

पिराजीच्या हाताचं दुखणं डॉक्टरांच्या आधी गिऱ्हाइकांनी ओळखलं, आणि तेही हाताकडे न बघता. त्यांनी ग्लासाकडे बघितलं.

कोल्हापुरात दुधाचे कट्टे आहेत. म्हैस रस्त्याकडेला उभी, गिऱ्हाईक तिच्या पुढ्यात उभं आणि धार थेट ग्लासात. दुधात पाणी किती, हा वादच तिथं उरत नाही. वाद होतो तो फेसाचा. चांगल्या हाताची धार ग्लासाच्या तळाशी अशी आपटते की दुधावर बोटभर फेस चढतो, आणि जुनी गिऱ्हाइकं त्या फेसासाठीच येतात. पिराजीचा कट्टा शहरातल्या एका तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, पिंपळाच्या पाराला लागून. गोठा कसबा बावड्यात. पहाटे म्हशी हाकत आणायच्या, उन्हं चढली की परत न्यायच्या. त्याच्या बापानं तेच केलं, बापानंतर त्यानं. पन्नाशी उलटली तरी या तिकटीपलीकडं त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, आणि तिकटीवर मात्र त्याला आडनावाची गरज पडत नव्हती.

तवनाप्पा हे त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. गुळाच्या अडतीतून अंग काढून घेतलेले जैन गृहस्थ. सूर्य उगवल्याशिवाय पाणीसुद्धा तोंडात घेत नसत, त्यामुळे कट्ट्यावर सगळ्यांच्या मागून यायचे आणि सगळ्यांच्या मागून जायचे. एका सकाळी त्यांनी ग्लास उजेडाकडं धरला आणि तो तसाच धरून ठेवला.

"पिराजी, फेस कुठं गेला रे?"

"हाय की अण्णा."

"हाय म्हणं! आमच्या घरातल्या चहाला येतोय तेवढा बी न्हाय. धारंला जोरच न्हाय तुज्या. हाताला काय झालंय काय?"

पारावरची चार डोकी वळली. पिराजीनं मान वर न करता सांगून टाकलं, "म्हशीनं पाय दिला उजव्या हातावर. व्हईल बरं."

हे खोटं त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलला. पण खोटं नामी निघालं. म्हशीचा पाय बसणं ही या धंद्यात शरमेची गोष्ट नाही. प्रत्येक गवळ्याच्या अंगावर तशी एखादी खूण असतेच. कुणी हळद लावायला सांगितली, कुणी शेकायला. एकानं म्हशीलाच शिव्या दिल्या. पिराजी सुटला.

खरं होतं ते असं. वर्षभरापूर्वी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. करंगळीला काही नाही. झोपेत हात सुजल्यासारखा जड व्हायचा, आणि तो उठून अंथरुणावर बसून हात झाडायचा, भिजलेला टॉवेल झटकावा तसा. मग वस्तू सुटायला लागल्या. चिलटं वारायचं फडकं, पेंडीची बादली, एकदा गिऱ्हाइकाचा भरलेला ग्लास. आणि शेवटी तळहाताकडं बघताना एक दिवस त्याला दिसलं, की अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते ती बसली आहे. तिथं नांगरटीच्या सरीसारखा खळगा पडला होता.

कट्ट्याचं काम हातावर कसं बसतं हे समजायला त्याची म्हैस समजून घ्यावी लागते. पंढरपुरी म्हैस, लांब शिंगांची, एका दमात सगळं दूध देऊन मोकळी होत नाही. गिऱ्हाईक आलं की थोडी धार, मग थांबायचं, पुन्हा गिऱ्हाईक, पुन्हा धार. कट्ट्याला अशीच म्हैस लागते आणि अशा म्हशीला सकाळभर वळत राहणारा हात लागतो. त्यातून पिराजी बापाच्या पद्धतीनं धार काढायचा. अंगठा आत मुडपून, थान त्याच्या पेरावर दाबून. या पद्धतीनं धार चाबकासारखी निघते. अंगठ्याचं काय होतं हे बापाला कुणी विचारलं नव्हतं.

उजव्यानं ऐकणं सोडलं तेव्हा पिराजीनं भार डाव्यावर टाकला. दिवाळीच्या सुमाराला डाव्यालाही मुंग्या आल्या.

इथून तो घाबरला. एक हात बिघडला तर मार लागलाय म्हणता येतं. दोन्ही हात बिघडले की त्याला लोक मार म्हणत नाहीत, रोग म्हणतात. आणि बधिर बोटं, वाळलेला हात, असा रोग म्हटलं की लोकांच्या तोंडात एकच नाव येतं. पिराजीनं ते आपल्या लहानपणी बघितलं होतं. याच पारावर आकाराम नावाचा गवळी बसायचा. त्याची बोटं अशीच मेली. कुणीतरी रगतपिती, म्हणजे महारोग, हा शब्द उच्चारला आणि आठवड्यात त्याच्या म्हशीपुढं एक गिऱ्हाईक उरलं नाही. लोक त्याला बोलले नाहीत, भांडले नाहीत, नुसते पाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहायला लागले. आकारामानं म्हशी विकल्या आणि साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या टाकायला गेला. त्याला नेमकं काय झालं होतं हे कुणी कधी तपासलं नाही.

म्हणून पिराजीनं डाव्या हाताबद्दल ब्र काढला नाही. कट्ट्यावर नाही, घरी नाही. मुलाला, आदर्शला, सांगायचा प्रश्नच नव्हता. तो शिरोलीच्या फाउंड्रीत लागला होता, आणि गोठ्याशी त्याचा संबंध तिथल्या शेणींवर अंघोळीचं पाणी तापण्यापुरता उरला होता.

दवाखान्यात नेलं ते बायकोनं. शालूबाई कमी बोलणारी बाई, पण एकदा बोलली की पुन्हा बोलायची वेळ आणत नाही. "उद्या जायचं," एवढंच ती म्हणाली. राजारामपुरीतल्या एका नसांच्या डॉक्टरांकडं नंबर लावून ती मोकळी झाली होती.

डॉक्टरांनी मनगटावर बोटांनी टिचक्या मारल्या, अंगठा वर उचलायला लावला, तळहातातला खळगा बघितला. मग विचारलं, "कधीपासून?"

"म्हशीनं पाय दिला, तवापासनं."

"डावा?"

"डावा झकास हाय."

कट्ट्यावर चाललेलं खोटं पिराजीनं डॉक्टरांपुढंही जसंच्या तसं ठेवलं. खोट्याची एकदा सवय लागली की ते कुणापुढं बोलायचं आणि कुणापुढं नाही याचं भान राहत नाही. डॉक्टरांनी कागद ओढला. नसा आणि स्नायूंची तपासणी करायला सांगितली, दोन्ही हातांची. तपासणीची खोली मागच्या बाजूला होती आणि तिच्याबाहेर बाकावर माणसं होती.

"करंट लावत्यात म्हणं," बाकावरचा एक जाडजूड माणूस स्वतःहून म्हणाला. पन्हाळ्याकडचा असावा. कंबर धरून बसला होता.

"कुनी सांगितलं?" पिराजीनं विचारलं.

"आमच्या मेव्हण्याची केलती. मागनं सुई बी घालत्यात. मेव्हणा म्हणतोय, सासुरवाडीत येवडा छळ झाला न्हवता."

"मग तुमी कशाला आलाय, पावणं?"

"बायको म्हणली जावा." त्यानं शालूबाईकडं बघितलं. "तुमालाबी तसंच आनलेलं दिसतंय."

शालूबाईनं पदर सारखा केला आणि समोरच्या भिंतीवरच्या माणसाच्या चित्राकडं बघत राहिली. चित्रातल्या माणसाला कातडी नव्हती. नुसत्या पिवळ्या नसा, मुळांसारख्या पसरलेल्या.

तपासणी करणारी होती चंदना. हातकणंगल्याहून पॅसेंजरनं रोज येऊन-जाऊन करणारी, पस्तिशीच्या आसपासची. दिवसभर ती तीच दोन वाक्यं बोलायची, "ढिला सोडा" आणि "जोर लावा", आणि दुपारपर्यंत तिचा आवाज या दोन वाक्यांनी झिजून सपाट झालेला असायचा. तिनं पिराजीचा हात हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"काका, तेल लावून आलाय?"

"मालिश केलिया की. तपासायला चाललो म्हणून."

"तेलावरनं मशीनला काही कळत नाही. आणि हात किती गार आहेत?"

"म्हशी धुऊन आलो."

"गार हाताची नस सावकाश चालते. मशीन म्हणेल नसच खराब आहे." तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं तेल पुसून काढलं, गरम पाण्याची पिशवी त्याच्या हाताखाली दिली आणि तेवढ्या वेळात खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. दोघंही पहाटेपासून उठलेली होती.

मग तिनं अंगठ्याच्या बुडाशी दोन चकत्या चिकटवल्या, मनगटाला पट्टा बांधला आणि दोन टोकांचं एक यंत्र मनगटावर टेकवलं. टिचकी बसल्यासारखं झालं. दुसरी टिचकी जोरात. तिसरीला पिराजीनं दात आवळले. अंगठा हलला, पण कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा, जेमतेम. पडद्यावरची रेघ थोडी उचलली आणि पडली. चंदनानं तेच यंत्र कोपराजवळ टेकवलं, पुन्हा तेच. मग तिनं चकत्या करंगळीच्या बाजूला लावल्या, आणि पहिल्याच टिचकीला करंगळी ताडकन उडाली.

"ही बगा," पिराजी खुशीत म्हणाला. "ही अजून ऐकतीय."

"ऐकतेय," चंदना म्हणाली, आणि आकडे टिपून घेतले. "आता डावा द्या."

"डावा न्हाय. ह्यालाच लागलंय."

"दोन्ही करायचे असतात."

"ज्याला लागलंय त्याचंच बगायचं असतंय. गाडीचं एक चाक पंक्चर झालं तर दुसरं कोन खोलतंय, पोरी?"

चंदनानं नकार पुष्कळ ऐकले होते. कुणाला करंटची भीती, कुणाला सुईची, कुणाला वाटायचं की ताकद काढून घेतात. त्यामुळं ती चिडली नाही.

"काका, तुमचा हा हात मी कशाशी ताडून बघू? माझ्या हाताशी? प्रत्येकाची नस निराळी. तुमचा बिघडलेला हात तुमच्याच चांगल्या हाताशी लावून बघायचा, म्हणजे कळतं किती बिघडलाय. डावा चांगला आहे ना?"

"येकदम झकास."

"मग द्या की."

कट्ट्यावर पिराजी वादात सहसा हरत नसे, पण हा वाद त्याचा त्यानंच हरून ठेवला होता. हात चांगला असेल तर द्यायला काय हरकत, आणि चांगला नसेल तर तसं म्हणायला तो तयार नव्हता. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि उठला.

"आज न्हाय. म्हशींची येळ झाली. फिरून कवातरी येतो."

उजव्या हातावरच्या चकत्या त्यानं स्वतःच ओढून काढल्या. सदऱ्याची बाही खाली केली. आता उजव्या मनगटावरचं बटण लावायचं होतं. ते डाव्या हातानंच लागणार, म्हणून त्यानं डावा हात पुढं केला. डाव्याच्या चिमटीत बटण आलं, सटकलं. पुन्हा आलं, पुन्हा सटकलं. बटण चिमटीत आहे की नाही हे त्याला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. त्यानं वाकून बघत बघत आणखी एकदा लावून बघितलं. ते काजात शिरलं नाही.

चंदना हे सगळं बघत होती. तिनं दार उघडलं. "काकू, जरा आत या."

शालूबाई आत आली. नवरा बाही खाली सोडून उभा म्हणजे काम झालं, असं तिनं धरलं. "झालं?" म्हणत तिनं त्याचं मनगट हातात घेतलं आणि रोजच्या सवयीनं बटण लावायला लागली.

"उजवा झालाय," चंदना म्हणाली. "डावा द्यायला नको म्हणतात. तो चांगला आहे म्हणे."

शालूबाईची बोटं बटणावरच थांबली.

"चांगला हाय?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग ह्ये बटन दिवाळीपासनं कोन लावतंय तुमचं? शेजारीन?"

"अगं, गप."

"रातच्याला दोनी हात झाडत बसतासा. मी काय भिंतीकडं तोंड करून झोपते म्हणून मला कळत न्हाय व्हय?"

पिराजीनं चंदनाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत असल्याचं दाखवत होती.

"दोनी हाताला निगालं तर," तो हळू आवाजात म्हणाला, "लोकांनी आकारामाचं केलं तसं करतील. मग काय खायचं?"

"आनि न्हाय दावलं तर? हात बरा व्हनार हाय का तसाच?" तिनं अर्धवट लावलेलं बटण काढलं, डाव्या हाताचंही काढलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली, पोराला अंघोळीला बसवावं तशी. "बसा."

तो बसला. पाय दुखत असल्यासारखा, सावकाश. डावा हात त्यानं टेबलावर ठेवला तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

डाव्याचा अंगठा उजव्यापेक्षा बरा उडाला, पण वेळ लावून. टिचकी बसायची, आणि मग एखाद्या आळशी गड्यानं हाकेला ओ द्यावी तसा अंगठा हलायचा. टिचकी आणि ओ यांच्यातलं अंतर डोळ्याला दिसण्याइतकं नव्हतं, मशीनला दिसत होतं. शेवटी सुई आली. बारीक, अंगठ्याच्या बुडाशी. आधी "ढिला सोडा", मग "जोर लावा". मशीनमधून आवाज यायला लागला. डाव्या हाताचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा, दाट. उजव्याचा, त्याच पत्र्यावर कुणी एकेक खडा टाकावा तसा. पिराजीला सुई दुखली नाही. तो ते खडे ऐकत राहिला.

"काय निगालं?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर सांगतील," चंदना म्हणाली. तिचं तिसरं वाक्य हेच होतं, आणि बहुतेक लोक ते ऐकून आणखी घाबरतात हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याचे दोन्ही हात पुसून दिले, अंगठ्याजवळचा जेल दोनदा पुसला. बटणं शालूबाईनं लावली.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि आधी विचारलं, "म्हशीनं पाय दिलाच नव्हता, काय?"

"दिला असंल कवातरी," पिराजी म्हणाला.

डॉक्टर किंचित हसले. आपल्याच मनगटावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, "इथं एक अरुंद बोळ आहे. त्यातून बोटं वळवणाऱ्या दोऱ्या जातात, आणि त्यांच्याबरोबर एक नस. तुम्ही जन्मभर मूठ वळवत आलात. दोऱ्या सुजल्या. बोळ काही रुंद होत नाही. नस चेंगरली. दोन्ही हातांत तेच आहे. उजव्यात फार, डाव्यात मध्यम."

"म्हंजी त्ये न्हवं?"

"काय ते?"

पिराजीच्या तोंडून शब्द निघेना. शालूबाईनं तो उच्चारला, मोठ्यानं, बाजारात भाव विचारावा तसा.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या खुणा वेगळ्या, आणि त्या तुमच्यात नाहीत. आणि ते असतं तरी आता गोळ्यांनी बरं होतं. पण हे ते नाही. हा रोग कुणाकडून आलेला नाही आणि कुणाला जाणार नाही. कामानं आलाय."

"म्हंजी त्ये न्हवंच."

"नव्हेच."

पिराजीनं तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दिवाळीपासून ज्या शब्दाला भिऊन तो हात लपवत होता, तो शब्द टेबलावरून निघून गेला होता आणि त्याच्या जागी कामच येऊन बसलं होतं. आनंद व्हायला पाहिजे होता. त्याला फक्त झोप यायला लागली.

पुढचं डॉक्टरांनी न घुटमळता सांगितलं. डाव्या मनगटाची छोटी शस्त्रक्रिया केली, तो बोळ उघडा केला, तर डावा हात वाचेल. मात्र पुन्हा धारा काढायला बसलात तर पुन्हा इथंच याल, आणि तेव्हा तो उजव्यासारखा झालेला असेल. उजव्याचीही करू, नंतर. मुंग्या कमी होतील. "पण ती बसलेली गादी पुन्हा भरेल असं मी सांगणार नाही."

खाली रस्त्यावर चहाच्या गाड्याजवळ दोघं उभी राहिली. पिराजीनं कप दोन्ही तळहातांत धरला, ओंजळीत पाणी धरावं तसा.

"मशीन घ्यावी का धारंची?" तो म्हणाला.

"मशिनीचं दूद प्यायला कट्ट्यावर कोन येतंय? पिशवीतलं काय वाईट हाय?"

"आदर्शला इचारू?"

"इचारा. त्यो फाउंड्रीतनं सुट्टी घिऊन न्हाय म्हनायला यील."

पिराजी हसला. चहा थोडा सांडला.

"मी बसते," शालूबाई म्हणाली.

"कुटं?"

"कट्ट्यावर. आनि कुटं?"

पिराजीनं तिच्याकडं बघितलं. गोठ्यातल्या चार म्हशींची धार तीच काढत होती, लग्न होऊन आल्यापासून. जोतिबाच्या पायथ्याला तिचं माहेर. तिथं अख्ख्या मुठीनं, अंगठा बाहेर ठेवून धार काढतात. पिराजीच्या बापानं तिला त्यावरून पुष्कळ बोल लावले होते. पण गोठा घराच्या मागं असतो आणि कट्टा तिकटीवर. त्यांच्या कट्ट्यावर धारेला बाई बसलेली कुणी बघितली नव्हती.

"बाईच्या हातची धार कोन पिनार तितं? चार गडी बगत उबे ऱ्हात्यात."

"घरातल्या दुधाचा चा पित्यात तवा कुनाच्या हातचं आसतंय? आनि म्हशीला काय कळतंय बाई का बुवा?"

"म्हशीला कळतंय," पिराजी म्हणाला, आणि हे तो मनापासून बोलला. "सारजा माज्याबिगर पान्हा सोडत न्हाय."

"मग तुमी ऱ्हावा तिच्या तोंडाशी. तेवडं तर जमंल?"

त्यानं रिकामा कप गाड्यावर ठेवायचा प्रयत्न केला. तो आडवा झाला. शालूबाईनं उभा केला.

डाव्या हाताची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात कट्टा बंद राहिला आणि दूध डेअरीला गेलं. टाके निघाले, पट्टी सुटली, आणि पहिल्यांदा असं झालं की पिराजीनं डावा हात न झाडता रात्र काढली. उजव्याची तारीख अजून ठरायची होती. मग एका सकाळी दोघं म्हशी घेऊन तिकटीवर आली. पाराशी सारजाला उभी केली. शालूबाईनं पदर खोचला, थानं धुतली आणि बुडाशी बसली.

पारावरचं बोलणं थांबलं. ओळखीची दोन गिऱ्हाइकं होती. एकानं मोबाइल काढला आणि बघत बघत रस्ता ओलांडून गेला. दुसरा तिथंच राहिला, पण ग्लास उचलला नाही.

सारजानं दूध चढवून धरलं. शालूबाईनं थानं चोळली, वाट बघितली. काही नाही. पिराजी बाजूला, हात मागं बांधून उभा होता.

"पुडं व्हा की," ती खालून म्हणाली. "तोंडाशी."

तो पुढं झाला. जिभेनं टकटक आवाज केला, बापाचा होता तोच. शिंगाच्या मुळाशी उजव्या हातानं खाजवायला लागला. त्याच्या बोटांना शिंग कळत नव्हतं. सारजाला मात्र बोटं कळत होती. तिनं मान खाली घातली, कान सैल सोडले, आणि थोड्या वेळानं खालून ग्लासात पहिली धार पडल्याचा आवाज आला.

सूर्य वर आला तसे तवनाप्पा आले. त्यांनी आधी शालूबाईकडं बघितलं, मग म्हशीच्या तोंडाशी उभ्या पिराजीकडं.

"काय निगालं रे तपासणीत?" त्यांनी पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. ते हळू बोलतच नसत.

पिराजीला आकाराम आठवला. त्यानं खाजवणं थांबवलं नाही.

"दोनी हात गेलेत, अण्णा. ह्यो जास्त, त्यो कमी. डावा कापून घेतलाय, टिकंल म्हणत्यात. रोग न्हाय. धारा काडून काडून नस चेंगरली मनगटात."

"आनि म्हशीनं पाय दिलता म्हणालास त्ये?"

"खोटं बोललो."

पारावर कुणीतरी खाकरलं. तवनाप्पांनी पिराजीचा उजवा हात धरून उलटा केला, चष्मा कपाळावर सारून तळहातातला खळगा जवळून बघितला, जुन्या काळी ढेपेतला गूळ बघत असतील तसा. दोन बोटांनी तो दाबूनही बघितला. मग हात सोडला.

"गाढवा," ते म्हणाले. "एवडं दिवस बिचाऱ्या म्हशीला शिव्या खायला लावल्यास." आणि पाराच्या कडेचा ग्लास उचलून त्यांनी शालूबाईपुढं धरला. "भर गं बाई. उन्हं चढाय लागली."

ती भरत असतानाच रस्त्याकडेला एक मोटरसायकल थांबली. बाहेरगावचा कुणी असावा. गाडी चालूच ठेवून त्यानं पिराजीला हाक मारली.

"ओ पावणं, एक ग्लास द्या."

पिराजीचा उजवा हात म्हशीच्या शिंगावर होता. त्यानं हनुवटीनं खाली दाखवलं.

"मला न्हाय," तो म्हणाला. "त्यास्नी सांगा."